गोजरामावशींची गुरुवारची फेरी

प्रिय गोजरामावशी,

शनिवारी शाळा सुटल्यावर मी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर उभी होते. तिथं साताऱ्याच्या वाचनालयातले दत्तोबा भेटले. तेच, पुस्तकांना पुठ्ठे घालणारे. मिरजेला लेकीकडे निघाले होते. मी सहज विचारलं, "गोजरामावशी कशा आहेत?" त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुमाला कळलं न्हाई व्हय? दोन म्हैनं झालं की जाऊन."

दोन महिने! या दोन महिन्यांत मी रोज वर्गात हजेरी घेतली, पोरींकडून पाढे म्हणून घेतले, दिवाळीचा फराळ केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला गेलं की तुमच्याकडे जायचं, असं मनात घोळवत होते. तुम्ही नाही हे मला कुणी सांगितलंच नाही.

सांगलीला बदलून आले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "पत्र टाक गं. मला वाचता येतंय आता, दुसऱ्याकडनं वाचून घ्यावं लागत न्हाई." तीन वर्षांत मी दोन कार्डं टाकली. तीही चार-चार ओळींची. आज हे लांबलचक लिहायला बसले आहे, कारण जे तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं ते राहून गेलं आहे.

मी कुंडलची. उसाच्या रानातली. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा मला शहर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. लग्नानंतर वीस दिवसांनी हे पलटणीत परत गेले. घरात राहिलो आम्ही तिघं. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, सासरे, म्हणजे मामंजी, सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेले, आणि मी. मामंजी रोज सकाळी आणि चारच्या सुमारास वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रं वाचायचे. आत्याबाई देवळापलीकडे जायच्या नाहीत. मी तर नळापलीकडेही नाही.

आणि गुरुवारी दुपारी तुम्ही यायच्या. नऊवारी लुगडं, खांद्याला दोन कापडी पिशव्या. एकीत द्यायची पुस्तकं, दुसरीत परत आलेली. वाचनालयात पुरुष स्वतः जात, पण ज्या बायकांना घराबाहेर पडता येत नव्हतं त्यांच्यासाठी वाचनालयानं घरपोच पुस्तकांची सोय केली होती, आणि ती सोय म्हणजे तुम्ही. पाच पेठा, चढ-उतार, पावसाळा-उन्हाळा, सगळं पायी. आमच्या दारात येऊन तुम्ही हाक द्यायच्या, "आक्का, पुस्तकं आल्याती."

आमच्या घराला रस्त्याकडे दगडी ओटा होता. तुम्ही पुस्तक ओट्यावर ठेवायचं, एक पायरी खाली उतरायचं, मग मी ते उचलायचं. आत्याबाईंनी पहिल्याच गुरुवारी मला ही रीत शिकवली. तुम्ही कोण, कुठल्या वस्तीत राहता, छप्पन सालानंतर तुमच्या घरानं धर्म बदलला, हे साऱ्या पेठेला माहीत होतं. पेठेला पुस्तक हवं होतं, तुमचा हात नको होता. तेच पुस्तक आत्याबाई मग मांडीवर घेऊन बसायच्या आणि मला म्हणायच्या, "वाच गं, कालच्या फुडचं."

मी नववी शिकलेली होते. शाळेत समतेवर निबंध लिहिले होते मी. तरी मी तसंच केलं, मावशी. किती गुरुवार केलं ते मोजवत नाही.  तुम्ही पायरीखाली उभं राहून पदरानं मान पुसायच्या आणि विचारायच्या, "मागलं पुस्तक कसं वाटलं, सूनबाई?"

तुम्हाला राग यायचा का? मी कधी विचारलं नाही. आता विचारते आहे, तर उत्तर द्यायला तुम्ही नाही.

मला हळूहळू लक्षात आलं, की तुम्ही पिशवीत हात घालून जे हाताला लागेल ते देत नव्हत्या. आत्याबाईंना तुम्ही आधी संतांची चरित्रं दिलीत, मग एकदा प्रवासवर्णन. "देवाच्या गावांचंच हाय," म्हणालात. ते वाचता वाचता आत्याबाई हिमालयापर्यंत गेल्या. मग एका बाईनं स्वतःची हकिगत लिहिलेलं पुस्तक. ते मी वाचत असताना आत्याबाई मधेच म्हणाल्या, "थांब जरा," आणि डोळे पुसून आल्या. तुम्हाला कसं कळायचं, कुणाला कधी काय द्यायचं ते?

एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, हे तुम्ही वाचलंय?"

"व्हय. बोट ठेवून वाचतीया मी, येळ लागतो. पण वाचल्याबिगर न्हाई देत. आपण चाखल्याशिवाय दुसऱ्याला वाढायचं कसं?"

त्या दिवशी तुम्ही पायरीवर टेकलात आणि मला तुमचं सांगितलंत. माहेर रहिमतपूरचं. नवरा लवकर गेला, पोटाशी विलास. वस्तीत मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाला तेव्हा तुम्ही तिशीला आलेल्या. वस्तीतल्या पोरांच्या देखत बसून अक्षरं गिरवलीत. "पोरं हसायची. म्या म्हणलं, हसा. तुमी हसा, मी शिकती." मग वाचनालयात झाडलोटीचं काम लागलं. कपाटं पुसता पुसता पुठ्ठ्यांवरची नावं वाचायला लागलात, आणि काही वर्षांनी फेरीचं काम तुमच्याकडे आलं, कारण कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे ग्रंथपालांपेक्षा तुम्हाला जास्त पाठ होतं.

माझ्यासाठी सातारा शहर तुमच्या पायांनी चालत आलं. वरच्या पेठेतल्या वकिलीणबाई, सराफाच्या घरातली म्हातारी, कासाराची बायको, शाळेच्या मागं राहणाऱ्या दोघी बहिणी, सगळ्या तुमच्याकडून पुस्तकं घेत. एवढंच तुम्ही सांगायच्या. कोण काय वाचतं ते कधी नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणालात, "ते त्येंच्यापाशी. तुजं तुज्यापाशी." मी ओशाळले. पण मला त्या दिवसापासून तुमचा भरवसा वाटायला लागला.

त्याच भरवशावर मी तुम्हाला सांगितलं, की मला मॅट्रिक व्हायचं होतं. नववी झाली आणि स्थळ आलं, म्हणून राहिलं.

तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. पुढच्या गुरुवारी आत्याबाईंच्या पुस्तकाखाली मॅट्रिकचं भूमितीचं पुस्तक होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी इंग्रजीचं. मग इतिहास. वाचनालयाचीच पुस्तकं होती, रीतसर आमच्या सभासदत्वावर दिलेली. लपवायची तर मी लपवली, ज्वारीच्या डब्यामागं. मी ह्यांना पत्र लिहून विचारलं. हे तेव्हा जम्मूकडे होते. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "जरूर बस परीक्षेला. तात्यांना मी सुट्टीवर आलो की सांगतो, तोवर बोलू नकोस." मला ते वाचून किती हायसं वाटलं! तात्या म्हणजे मामंजी. तुम्हाला दाखवलं तर तुम्ही ते पत्र दोनदा वाचलंत, बोट ठेवून, आणि म्हणालात, "चांगला हाय गं तुजा मालक."

पण ह्यांची सुट्टी यायच्या आधीच मामंजींनी ज्वारीचा डबा सरकवला.

त्यांनी मला काही विचारलं नाही. भूमितीचं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, वाचनालयाचा शिक्का पाहिला, आणि कोट घालून बाहेर पडले. मी स्वयंपाकघरात हात चोळत उभी राहिले. मला वाटलं, संध्याकाळी माझी खरडपट्टी निघेल. ती निघाली नाही. जे करायचं ते मामंजी वाचनालयात करून आले होते.

तिथं काय झालं ते मला महिन्याभरानं दत्तोबांनी सांगितलं, वर्गणी न्यायला दारात आले तेव्हा. ते शेजारच्या खोलीत खळ लावत बसले होते आणि दार उघडं होतं. मामंजींनी अध्यक्षांकडे तक्रार केली, की तुमची शिपाईबाई घराघरांत जाऊन सुनांची डोकी फिरवते, घरच्या कर्त्या माणसाला न विचारता काहीबाही देते. अध्यक्ष वकील होते. समिती बसली, तुम्हाला बोलावलं गेलं. त्यांनी तुम्हाला बसायला सांगितलं नाही.

त्यांना फक्त आमच्या घराचं कळून पुरे नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "कोणत्या घरात कोणती बाई काय मागते, ते सगळं आम्हाला सांगा. आम्ही ठरवू काय द्यायचं आणि काय नाही."

तुम्ही म्हणालात, "कुणाच्या नावावर कंचं पुस्तक गेलं ते वहीत हाय, सायेब. पण त्या घरात ते कुणी वाचलं, कुणी मागितलं, ते मी सांगायची न्हाई."

"का नाही?"

"डाक्टर सांगतो का, कुणाला काय दुखतंय ते? बायका माज्यापाशी इश्वासानं बोलत्यात."

"नोकरीवर येईल हं तुमच्या."

"आवं सायेब, नोकरी तुमी दिलीया. तुमी काढा. पण इश्वास तुमी दिला न्हाई, त्यो मला तुमाला देता यायचा न्हाई."

दत्तोबा म्हणाले, तुमचा आवाज एवढासाही वर गेला नाही. समितीनं तुम्हाला काढलं नाही, पण फेरी बंद केली. तुम्हाला मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं चिकटवायला बसवलं. खिडकी नसलेल्या खोलीत. पाच पेठा पायी चालणाऱ्या बाईला.

आणि मी? दत्तोबांनी सांगायच्या आधीच मला अंदाज आला होता. पुढच्या गुरुवारी हाक आली नाही. आत्याबाई दोनदा ओट्यावर जाऊन आल्या. त्यांचं पुस्तक ऐन मोक्याला येऊन संपलं होतं, दुसरा भाग यायचा होता. मला म्हणाल्या, "गोजरा का आली न्हाई गं?"

मी म्हणाले, "काय की."

ही माझी चूक, मावशी. "काय की" म्हणून मी दोन महिने काढले. मामंजींसमोर उभं राहायचं मला भय वाटत होतं, पण आत्याबाईंना तर सांगता आलं असतं. मी भाकरी थापली, धुणं धुतलं, आणि तुम्ही त्या खोलीत खळीचा वास घेत बसलात. "सुनेनंच मागितली" असं तुम्ही माझं नाव घेऊन सांगितलं असतं तर तुमची फेरी चालू राहिली असती. ते तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू शेजारच्या पोस्टमास्तरांकडे होतं. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. वाणाचं झालं, तिळगूळ झाला, आणि कुणीतरी म्हणालं, "अलीकडं ती पुस्तकवाली येत नाही." लगेच दुसरी म्हणाली, "तुम्ही पण वाट बघता तिची?" मग तिसरी. कासाराची बायको म्हणाली, "माजं तर निम्मं ऱ्हायलंय वाचायचं, रोज त्येच सपान पडतंय." सगळ्या हसल्या. मी पाहत राहिले. यांतल्या प्रत्येकीला वाटत होतं, पुस्तकावाचून असा जीव तळमळणारी आपण एकटीच. कोण काय वाचतं याबद्दल तुम्ही इतकी वर्षं तोंड मिटून ठेवल्यामुळं आम्हाला एकमेकींच्या मनाचा पत्ताच नव्हता. आता तुम्ही येईनाशा झालात तेव्हा तो लागला.

एक जण म्हणाली, "कुण्या सुनेनं शाळेची पुस्तकं मागवली म्हणे, म्हणून बंद केलं."

 घरी परतल्यावर उंबऱ्यातच आत्याबाईंनी मला विचारलं, "ती सून तू का?"

मी होय म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. भूमितीचं, ह्यांच्या पत्राचं, मामंजींच्या तक्रारीचं. मला वाटलं, आता त्या मला बोलतील. त्या चुलीपुढं जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तिला इचारलं तरी तिनं तुजं नाव न्हाई सांगितलं?"

"नाही."

"आन तू गप बसलीस."

"होय."

"मी बी काय केलं, तिला पायरीखाली हुबं केलं," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, जणू चुलीला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. मला म्हणाल्या, "चल." कुठं ते सांगितलं नाही. आम्ही पेठ ओलांडली, मोठ्या रस्त्याला लागलो. साताऱ्यात येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि मी तो रस्ता पहिल्यांदा चालत होते. सायकलींची दुकानं, पेढ्यांची दुकानं, न्हाव्याच्या दारातला रेडिओ. आत्याबाईंना तीस वर्षं झाली होती साताऱ्यात. त्यांनी दोघांना वाट विचारली.

वाचनालयाच्या पुढच्या दालनात लांबच लांब टेबलं होती आणि दोन्ही बाजूंना पुरुष. पेन्शनर, कॉलेजची पोरं, एक पोस्टमन, एक टोपीवाला शेतकरी. सगळे मान खाली घालून वर्तमानपत्रं वाचत होते. आम्ही दोघी आत आलो तशा माना वर झाल्या. खिडकीजवळ मामंजी होते. त्यांनी पेपर खाली केला आणि तसाच धरून ठेवला. आत्याबाई त्यांच्या समोरून सरळ पुढं गेल्या. कारकुनाला म्हणाल्या, "गोजराबाई कुठं बसत्यात?"

तुम्ही मागच्या खोलीत चटईवर बसला होता. हात खळीनं पांढरे झालेले. आम्हाला बघून उठायला लागलात. आत्याबाई म्हणाल्या, "बसा," आणि त्याही चटईवर बसल्या, तुमच्या शेजारी. तुम्ही जरा सरकलात. त्या पुन्हा तुमच्याजवळ सरकल्या.

"दुसरा भाग हाय का हो?" त्यांनी विचारलं.

तुम्ही उठलात, आतल्या कपाटातून पुस्तक काढलंत, पदराला हात पुसलेत आणि सवयीनं ते जमिनीवर ठेवायला वाकलात. आत्याबाईंनी पुस्तकाखाली आपला हात पुढं केला. पुस्तक तुमच्या हातातून त्यांच्या हातात गेलं. मला तुमच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

मग आत्याबाई अध्यक्षांच्या खोलीत गेल्या. अध्यक्ष आले होते, चिटणीसही होते. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाल्या, "शाळंची पुस्तकं मी मागवली हुती. सुनंला शिकवायचंय मला. ह्या बाईची काय चूक न्हाई."

त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या आणि ते खोटं मला सोसेना. मी म्हणाले, "नाही, मी मागितली. आत्याबाईंना माहीत नव्हतं. मावशींनी मागितल्याशिवाय काही दिलं नाही."  मागं वळून बघते तर दारात मामंजी उभे. किती ऐकलं असेल, कोण जाणे.

अध्यक्ष म्हणाले, "सुभेदार, तक्रार तुमची होती."

 मामंजी म्हणाले, "माझ्या घरातलं माझ्या घरात बघायला पाहिजे होतं. इथं आणली ही चूक झाली." आणि निघून गेले.

 त्या रात्री जेवण झाल्यावर ताट ढकलताना मामंजी एवढंच म्हणाले, "परीक्षा कवा हाय?" मी म्हणाले, "मार्चात." म्हणाले, "गणित कच्चं असंल तर ईचार. पलटणीत शिकवलंय मी."

सगळं तिथंच गोड झालं असं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. फेरी लगेच सुरू झाली नाही. पण आम्ही येऊन गेल्याचं पेठेत कळलं, आणि बायका स्वतःच वाचनालयात यायला लागल्या. आधी वकिलीणबाई. मग दोघी बहिणी. कासाराची बायको तर दुकान नवऱ्यावर सोडून आली. चटईवर जागा पुरेना, तेव्हा समितीला त्यांच्यासाठी दुपारी दोन बाक मांडावे लागले, मधे पडदा लावून. उन्हाळ्यानंतर ज्यांना येता येत नव्हतं त्यांच्यासाठी तुमची फेरीही चालू झाली. तुमची माफी मात्र कुणी मागितली नाही. मी एकदा ते बोलून दाखवलं तर म्हणालात, "माफी घिऊन काय करू? पिशवी दिली न्हवं परत, झालं."

आत्याबाईंनी पुढच्या खेपेला तुम्हाला आत बोलावलं आणि घरातल्या कपातून चहा पुढं केला. तुम्ही म्हणालात, "आज नको." त्याच्या पुढच्या गुरुवारीही नको. मला तेव्हा तुमचा राग आला होता. इतकी वर्षं थांबून एक दार उघडलं, तर तुम्हीच आत येत नाही? आज मला समजतं. ज्यांनी तुम्हाला इतकी वर्षं थांबवलं, ते दोन गुरुवार थांबले तर काय बिघडलं? तिसऱ्या गुरुवारी तुम्ही आलात, पाटावर बसलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "साखर कमी हाय, आक्का." आत्याबाई उठून साखर घेऊन आल्या.

मी पहिल्या खेपेला गणितात नापास झाले, मामंजींनी शिकवूनसुद्धा. तोंड लपवून बसले होते. तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "नापास झालीस म्हंजी बसलीस तरी. न बसणारी कवाच नापास हुत न्हाई." दुसऱ्या खेपेला पास झाले. मग डी.एड. केलं. हे सैन्यातून मोकळे होऊन सांगलीला कारखान्यात लागले आणि मी इथं नगरपालिकेच्या शाळेत आले.

इथलंही वाचनालय मी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. सांगलीत कुठंही जा, हळदीचा वास येतो. वाचनालयातही येतो, कारण दुपारी हळद बाजारातले हमाल कपडे झटकून आत येतात आणि पेपर वाचतात. तालमीतले पैलवान येतात, कुस्त्यांच्या निकालासाठी. त्यांच्या शेजारी प्राध्यापक बसलेले असतात. कुणी कुणाला उठवत नाही. ज्याचा पेपर वाचून झाला तो शेजाऱ्यापुढं सरकवतो. शहर कसं आहे हे बघायचं तर बाजारात आणि चौकात बघावं म्हणतात. मी तुमच्यामुळं वाचनालयात बघायला शिकले.

तुम्ही भाचीच्या लग्नाला सांगलीला आला होता तेव्हा मी तुम्हाला तिथं घेऊन गेले. आठवतं? तुम्ही एका कपाटापुढं थांबलात, पुस्तक बाहेर ओढलंत, पुठ्ठा वाकवून बघितलात आणि कारकुनाला म्हणालात, "शिलाई कच्ची हाय. चार हातांत जाईल न्हाई तवर सुटंल." तो बघतच राहिला. त्यानं विचारलं, "तुम्ही ग्रंथपाल का?" तुम्ही नुसत्या हसलात. मग घाईनं बस गाठलीत. माझ्या घरी आला नाहीत. "पुढच्या टायमाला" म्हणालात. मी तुमच्यासाठी पुरण शिजवून ठेवलं होतं, मावशी. ही माझी तक्रार आहे, आणि दुसरी ही, की दुखणं इतकं वाढलं तरी मला कळवलं नाहीत.

रविवारी इस्लामपूरला गेले. विलास साखर कारखान्यात आहे, चांगला मुलगा आहे. शेवटचं वर्ष तुम्ही त्याच्याकडेच होता, हेही मला दत्तोबांकडूनच कळलं. त्यानं पाणी दिलं, बसायला दिलं. म्हणाला, "आई वाचनालयात शिपाई हुती. पिशव्या वाहून खांदा गेला तिचा. मी म्हणायचो, सोड ते काम, तर सोडायची न्हाई. काय ठिवलं हुतं त्यात?"

मी त्याला विचारलं, "समितीपुढं उभं केलं होतं ते कधी सांगितलं तुम्हाला?"

"कुठली समिती?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. ओट्याचंही सांगितलं, माझ्या गप्प बसण्याचंही.  त्याची बायको हातातलं काम टाकून येऊन बसली. विलास मान खाली घालून ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, "हे आमाला कवा बोलली न्हाई ती." थोड्या वेळानं उठला, बाहेर जाऊन तोंड धुऊन आला. म्हणाला, "अजून काय आठवत असंल तर सांगा." मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत सांगत होते.

आमच्या शाळेच्या फाटकाशी एक बाई भाजी घेऊन बसते. आक्काताई तिचं नाव. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. मागच्या आठवड्यात मी पाहिलं, भाजी बांधायच्या रद्दीचा कागद ती आधी वाचते, मग बांधते. मी म्हणाले, "वाचनालयात का येत नाहीस?" ती म्हणाली, "आमाला कोण आत घेतंय, बाई?" मी तेव्हा "घेतात गं" म्हणून पुढं गेले. घाई होती.

येत्या शनिवारी भाजी संपली की मी तिला घेऊन जाणार आहे. रस्ता सांगून पाठवणार नाही, बरोबर जाईन. तिच्या अर्जावर सभासदाची शिफारस लागते, ती सही मी करीन. आणि ती पहिलं पुस्तक निवडेपर्यंत, कितीही वेळ लागो, मी तिच्या शेजारी उभी राहीन. मधे बोलणार नाही. हे मी तुम्हाला वचन देते.

तुमची,
शालन